पाहुण्यांचा प्रचार आणि यजमानांचा भुर्दंड

अमेरिकेत आणि दक्षिण कोरियात सुट्टी लागली, की चर्चमधून आणि महाविद्यालयांतून तरुणांची पथके परदेशाच्या वाटेला लागतात. मुक्काम कधी आठवड्याचा, कधी महिना-दीड महिन्याचा. परक्या देशातील शाळेच्या भिंती रंगवाव्यात, तेथील विद्यार्थ्यांना इंग्रजी संभाषणाचे धडे द्यावेत, त्यांच्याबरोबर खेळावे-जेवावे आणि ओळख वाढली, की ख्रिस्तावरील आपल्या श्रद्धेची कहाणी त्यांना सांगावी, असा साधारण कार्यक्रम असतो. अमेरिकन चर्चचे सुमारे १६ लाख सभासद दरवर्षी अशा अल्पकालीन मोहिमांवर परदेशी जातात, असा अंदाज प्रिन्स्टन विद्यापीठातील समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट वुथनाऊ यांनी २००५ च्या पाहणीवरून मांडला होता. इतक्या मोठ्या संख्येने होणारी ही ये-जा ही केवळ त्या त्या चर्चची खासगी बाब राहत नाही. ज्या समाजात हे पाहुणे उतरतात, त्या समाजावर तिचे परिणाम होतात. आणि पाहुणे परतल्यावर ते परिणाम भोगणारे लोक वेगळेच असतात.

विद्यार्थ्यांनी धर्मप्रसारासाठी परदेशी जाण्याची कल्पना नवी नाही. १८८६ साली अमेरिकेतील माउंट हर्मन येथे भरलेल्या शिबिरात शंभर विद्यार्थ्यांनी मिशनकार्याला वाहून घेण्याचा निश्चय केला आणि त्यातून पुढे मोठी चळवळ उभी राहिली. मात्र त्या काळी मिशनरी होणे म्हणजे स्वदेशाचा जवळजवळ कायमचा निरोप घेणे होते. दुसऱ्या महायुद्धानंतर प्रवास सुलभ झाला आणि चित्र पालटले. १९५७ साली जॉर्ज व्हर्वर या महाविद्यालयीन तरुणाने दोन मित्रांसह धार्मिक पुस्तके ट्रकमध्ये भरून सुट्टीत मेक्सिको गाठले. तेथपासून सुट्टीतील मोहिमांची लाट सुरू झाली, असे म्हणता येईल. आयुष्याची जागा आठवड्यांनी घेतली. या बदलाचा अर्थ काय, हे ज्या देशात सर्वांत ठळकपणे दिसले, तो देश म्हणजे रशिया.

वर्गाचे दार उघडले

सोव्हिएत राजवटीत १९२९ च्या कायद्याने धर्मशिक्षणावर कडक बंधने होती आणि शाळेत निरीश्वरवाद शिकवला जात असे. १९९० च्या ऑक्टोबरमध्ये रशियाने धर्मस्वातंत्र्याचा अत्यंत उदार कायदा केला. पुढच्याच वर्षी सोव्हिएत संघ लयाला गेला. सक्तीचा वैचारिक अभ्यास शाळांतून गेला, पण त्याच्या जागी काय शिकवावे, याचे उत्तर शिक्षण खात्यापाशी नव्हते. या पोकळीत अमेरिकन इव्हँजेलिकल संस्था उतरल्या. ऐंशीहून अधिक संस्थांनी मिळून ‘कोमिशन’ नावाची आघाडी उभारली आणि नोव्हेंबर १९९२ मध्ये रशियाच्या शिक्षण मंत्रालयाशी रीतसर करार केला. ख्रिस्ती नीतिशास्त्राचा अभ्यासक्रम शाळांतून शिकवण्यासाठी शिक्षकांना तयार करावयाचे, हा त्याचा गाभा होता.

शहरोशहरी शिक्षकांची चार-चार दिवसांची संमेलने भरत. येशूच्या जीवनावरील १९७९ चा चित्रपट दाखवला जाई, व्याख्याने होत आणि मग लहान गटांत चर्चा चाले. त्यासाठी शेकडो अमेरिकन स्वखर्चाने थोड्या दिवसांकरिता येत. त्यांच्यामागून वर्षभर राहणारी पथके येत. दुसरीकडे विद्यापीठांच्या वसतिगृहांतून अमेरिकन विद्यार्थी उन्हाळी सुट्टीत रशियन विद्यार्थ्यांशी मैत्री जोडत. बहुतेकांना रशियन भाषा येत नव्हती. संवाद दुभाष्यामार्फत किंवा इंग्रजीतून होई; आणि इंग्रजी हेच अनेक रशियन तरुणांचे खरे आकर्षण होते.

या पाहुण्यांच्या हेतूविषयी शंका घेण्याचे कारण नाही. पदरमोड करून आलेल्या त्या माणसांची श्रद्धा प्रामाणिक होती. अनेक रशियन शिक्षकांनीही त्यांचे मनापासून स्वागत केले. सत्तर वर्षे बंद असलेला ग्रंथ हाती घेताना त्यांना झालेला आनंद खोटा नव्हता. तरीही एक प्रश्न उरतोच. कालपर्यंत मंत्रालयाच्या आदेशाने निरीश्वरवाद शिकवणारा शिक्षक आज त्याच मंत्रालयाच्या शिक्क्याने बायबल शिकवू लागला, तर विद्यार्थ्याच्या वाट्याला नेमके कोणते स्वातंत्र्य आले? वर्ग हे बाजारातील व्यासपीठ नव्हे. तेथे बसलेल्या मुलाला उठून जाता येत नाही. समोरच्या परदेशी पाहुण्याकडून भाषा शिकावयाची असेल, पुढेमागे परदेशी जाण्याची आशा असेल, तर त्याच्या श्रद्धेला ‘नाही’ म्हणणे तरुण विद्यार्थ्यालाही जड जाते.

दार बंद झाले, ते कोणावर?

व्हायचे तेच झाले. ऑर्थोडॉक्स चर्चने शाळांतील परकीय धर्मप्रचारावर आक्षेप घेतला आणि १९९५ मध्ये शिक्षण मंत्रालयाने करार मोडीत काढला. सप्टेंबर १९९७ मध्ये राष्ट्राध्यक्ष येल्त्सिन यांनी नव्या धर्मविषयक कायद्यावर सही केली. देशात पंधरा वर्षांचे अस्तित्व सिद्ध करू न शकणाऱ्या धार्मिक गटांना त्या कायद्याने पूर्ण मान्यता नाकारली. या कायद्याचे सारे खापर अमेरिकन पाहुण्यांच्या माथी फोडणे अन्यायाचे होईल. टोकियोत १९९५ मध्ये विषारी वायूचा हल्ला करणाऱ्या ओम शिनरिक्यो पंथाचे अनुयायी रशियातही होते. त्याची धास्ती होती. ऑर्थोडॉक्स धर्मपीठाची महत्त्वाकांक्षा होती आणि राष्ट्रवादाला आलेला नवा बहरही होता. पण या शक्तींना जे निमित्त हवे होते, ते परदेशी प्रचाराच्या लोंढ्याने आयते पुरवले.

किंमत मात्र पाहुण्यांनी मोजली नाही. ती रशियातील ख्रिस्ती अल्पसंख्याकांनी मोजली. रशियन बाप्टिस्ट आपली परंपरा १८६७ पर्यंत मागे नेतात. स्टालिनच्या आणि ख्रुश्चेव्हच्या काळात त्यांनी तुरुंग पाहिले. कोणा परक्याच्या आधाराने नव्हे, तर स्वतःच्या बळावर ते टिकले. त्याच लोकांवर आता ‘अमेरिकन धर्माचे’ असा शिक्का बसणे सोपे झाले. २०१६ च्या जुलैत आणखी कडक तरतुदी आल्या. संस्थेचे अधिकारपत्र जवळ असल्याशिवाय धर्मप्रचार करणे गुन्हा ठरले आणि नागरिकांना ५०,००० रूबलपर्यंत दंडाची तजवीज झाली. त्याच वर्षी ओरेल शहरात स्वतःच्या घरी बायबलचा अभ्यास घेणाऱ्या एका अमेरिकन धर्मोपदेशकाला ४०,००० रूबल दंड झाला. हा गृहस्थ सुट्टीतला पाहुणा नव्हता. अनेक वर्षे तेथे राहिलेला माणूस होता. येऊन-जाऊन असणारे निघून गेले आणि कायद्याच्या कचाट्यात सापडला तो राहणारा, ही गोष्ट पुष्कळ बोलकी आहे.

वादाला सामोरे जाणारे आणि न जाणारे

महाराष्ट्राला हा प्रश्न अपरिचित नाही. १८३९ साली मुंबईत जॉन विल्सन यांच्या शाळेतील दोन पारशी विद्यार्थ्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला, तेव्हा प्रकरण न्यायालयापर्यंत गेले आणि पारशी पालकांनी आपली मुले शाळेतून काढून घेतली. १८४३ मध्ये श्रीपत शेषाद्री या मुलाला स्वधर्मात परत घेण्यावरून उठलेल्या वादळात बाळशास्त्री जांभेकर त्याच्या बाजूने उभे राहिले. विद्यार्थ्याच्या कोवळ्या वयाचा लाभ घेतला जातो, हा आक्षेप तेव्हाही होता आणि तो निराधार नव्हता.

पण एक भेद लक्षात घेतला पाहिजे. विल्सन १८२९ मध्ये मुंबईत आले आणि १८७५ मध्ये मुंबईतच निवर्तले. त्यांनी मराठी आत्मसात केली. मोरभट दांडेकरांसारख्या शास्त्र्यांनी त्यांच्याशी जाहीर वाद घातला. पुढे १८५७ मध्ये मुंबईच्या समुद्रकिनाऱ्यावर विष्णुबुवा ब्रह्मचाऱ्यांनी मिशनऱ्यांना प्रश्न विचारून हैराण केले. प्रचारक गावात होता, गावाची भाषा बोलत होता, म्हणून त्याला जाब विचारता आला. या वादांतून मराठी समाजाच्या विचाराला धारही आली. दोन आठवड्यांच्या पाहुण्याशी वाद कसा घालणार? प्रश्न तयार होईपर्यंत त्याचे विमान सुटलेले असते.

यावर सरसकट बंदी हा उपाय नव्हे. १९४८ च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्याने धर्म पाळण्याचा, प्रकट करण्याचा आणि बदलण्याचाही हक्क माणसाला दिला आहे. तो हक्क रशियन विद्यार्थ्यालाही आहे. आपल्याला कोणाचे ऐकावयाचे, हे ठरवण्याचा अधिकार त्याचा आहे, सरकारचा नव्हे. बंदीचे कायदे पाहुण्याला फार तर परत पाठवतात. घरच्या माणसाला मात्र न्यायालयात खेचतात. हे रशियाच्या अनुभवाने पुरेसे सिद्ध केले आहे.

म्हणूनच जबाबदारी जाणाऱ्यांवर अधिक येते. इंग्रजी शिकवावयाचे असेल, तर इंग्रजीच शिकवावे. श्रद्धेविषयी बोलावयाचे असेल, तर तसे आधी उघड सांगावे, म्हणजे ऐकणाऱ्याला येण्याचे आणि न येण्याचे दोन्ही स्वातंत्र्य राहील. वर्गातील शिक्षकाचा अधिकार आणि शासनाचा शिक्का या कामी वापरू नये. आणि ज्यांना तेथेच जन्म काढावयाचा आहे, त्या स्थानिक श्रद्धावंतांना आधी विचारल्यावाचून पाऊल टाकू नये. आपली श्रद्धा दुसऱ्याला सांगण्याचा हक्क प्रत्येकाला आहे. पण त्या सांगण्याचा भुर्दंड दुसऱ्याने भरावा, असा हक्क कोणालाही नाही.