बांगडा, क्षयाच्या गोळ्या आणि शीतपित्ताचे निदान

मत्स्याहारानंतर अंगावर गांधी उठल्या, की ‘शीतपित्त’ असे निदान करून आपण मोकळे होतो. फार तर दुधाचा विरुद्धाहार झाला काय, एवढे विचारतो. वरळीच्या बीडीडी चाळींच्या परिसरात व्यवसाय करणाऱ्या आम्हांस मात्र आणखी एक प्रश्न अत्यावश्यक वाटतो : रुग्ण क्षयावरील गोळ्या घेत आहे काय ?

बांगडा, सुरमई, कुपा, तारली यांच्या मांसात हिस्टिडीन विपुल असते. मासळी बर्फाविना राहिली, की जीवाणू त्यापासून हिस्टामाइन बनवितात. ते तळण्याने वा शिजविण्याने नष्ट होत नाही; वासावरून कळेलच असेही नाही. काही मिनिटांपासून तासाभरात चेहरा लाल होणे, शिरःशूल, धडधड, कंडू, अतिसार ही लक्षणे दिसतात व बहुधा दिवसभरात ओसरतात. क्वचित मात्र श्वासनलिका आकुंचन पावतात, रक्तदाब कोसळतो, किंवा हृदयाच्या रक्तवाहिन्या आकसून हृच्छूल उद्भवतो. या शेवटच्या अवस्थेस आधुनिक वैद्यकात कौनिस सिंड्रोम म्हणतात.

आतड्यातील डायअमाइन ऑक्सिडेज हे विकर हिस्टामाइनचे विघटन करते. क्षयावरील आयसोनियाझिड नेमके त्यासच रोखते. श्रीलंकेत डॉ. उरागोडा यांनी १९७७ मध्येच अशा रुग्णांचे वृत्तांत प्रसिद्ध केले. आपल्याकडे ते किती जणांनी वाचले असतील, देव जाणे. एरवी एकाच टोपातले कालवण खाऊन घरातील अनेकांना त्रास झाला, तर दोष मासळीचा हे उघड असते. येथे त्रास एकट्या रुग्णास होऊ शकतो. साहजिकच ॲलर्जीचा, नाहीतर गोळ्यांचाच संशय येतो आणि गोळ्या बंद होतात. ज्या चाळींत १६० चौरस फुटांच्या खोलीत अख्खे कुटुंब निजते, तेथे क्षयाचा उपचार अर्ध्यावर सुटणे म्हणजे काय, हे वैद्यबंधूंस सांगावयास नको.

हरिद्राखंड देण्यास आमचा मुळीच विरोध नाही. परंतु श्वास लागला, छातीत दुखले वा भोवळ आली, तर पुड्या बांधीत बसू नये. रुग्णास तत्काळ नायर वा केईएम रुग्णालयात धाडावे. औषधी दुकानदारांनीही गांधींवर औषध मागणाऱ्या गिऱ्हाइकास हाच प्रश्न विचारावा. गोळ्या चालू असल्यास त्या स्वतः थांबवू नयेत, देणाऱ्या डॉक्टरांना कळवावे, आणि उपचार संपेपर्यंत वरील मासळी वर्ज्य करावी, असे रुग्णास स्पष्ट बजावावे. १ जून ते ३१ जुलै या मासेमारीबंदीच्या काळात दुरून आलेल्या बर्फातील मासळीची चौकशी तर विशेषत्वाने करावी.