कौशल्य खरे, पण त्याचा लाभ कोणाला?

‘हा जुगार नव्हे, कौशल्याचा खेळ आहे’ हा युक्तिवाद गोव्यातील वाचकाला नवा नाही. पत्त्यांच्या बहुतेक खेळांबाबत तो सोयीपुरता केला जातो. ब्लॅकजॅकच्या स्पर्धांबाबत मात्र तो बऱ्याच अंशी खरा आहे, आणि म्हणूनच तो अधिक फसवा ठरू शकतो.

नेहमीच्या ब्लॅकजॅकमध्ये खेळाडूचा सामना कॅसिनोशी असतो. कितीही अचूक खेळले तरी दीर्घकाळात पारडे किंचित कॅसिनोकडेच झुकते. स्पर्धेची रचना वेगळी असते. प्रत्येकाला सारख्याच चिप्स मिळतात, डावांची संख्या ठरलेली असते आणि अखेरीस टेबलावर ज्याच्यापाशी सर्वाधिक चिप्स उरतात, तो पुढील फेरीत जातो. काही ठिकाणी पहिल्या दोघांना ही संधी मिळते. पत्ते डीलरविरुद्ध खेळले जात असले, तरी खरा प्रतिस्पर्धी शेजारच्या खुर्चीत बसलेला असतो.

त्यामुळे पत्त्यांपेक्षा पैजेला महत्त्व येते. सर्व खेळाडू एकाच डीलरच्या हाताविरुद्ध खेळत असल्याने ते पुष्कळदा एकत्रच जिंकतात वा हरतात. म्हणून आघाडीवर असलेल्याने पाठलाग करणाऱ्याइतकीच पैज लावावी आणि मागे पडलेल्याने त्याच्या उलट जावे, हे पहिले सूत्र. पैज लावण्याचा क्रम डावागणिक फिरतो. शेवटच्या डावात कोण शेवटी बोलणार, हे आधीच मोजून ठेवावे, हे दुसरे. फार मागे पडलेल्याने मोठी पैज शेवटच्या डावासाठी राखून ठेवू नये, हे तिसरे. तोपर्यंत आघाडीवीर सावध झालेला असतो.

एक उदाहरण पाहू. शेवटचा डाव आहे. प्रतिस्पर्ध्याकडे १,००० चिप्स आहेत, आपल्याकडे ९००, आणि पुढे एकच जण जाणार आहे. त्याने आधी ३०० लावले. जिंकला तर त्याचे १,३०० होतील, हरला तर ७०० उरतील. चटकन सुचते ते ४१० लावणे, कारण जिंकल्यास आपले १,३१० होतात. पण मग आपल्याला डाव जिंकावाच लागतो, आणि ब्लॅकजॅकमध्ये खेळाडू शंभरांपैकी साधारण ४३ डावच जिंकतो. उलट १९० लावले, तर हरूनही आपल्याकडे ७१० उरतात. आता प्रतिस्पर्धी हरला की पुरे, आपण जिंको वा हरो. खेळाडू हरण्याचे प्रमाण शंभरांत ४८ च्या आसपास असते. बरोबरीत सुटणारे डाव आणि इतर अपवाद बाजूला ठेवले, तरी लहान पैजच सरस ठरते. हे कौशल्य नाही, असे कोण म्हणेल?

प्रश्न आहे तो या कौशल्याच्या किमतीचा. कॅसिनोवरील वस्तू व सेवा कर १ ऑक्टोबर २०२३ पासून खेळाडूने भरलेल्या पूर्ण दर्शनी रकमेवर २८ टक्के होता. २२ सप्टेंबर २०२५ पासून तो ४० टक्के झाला. कॅसिनोतील स्पर्धांसाठी भरलेली रक्कमही या आकारणीत येते. म्हणजे १०० रुपयांच्या प्रवेशमूल्यासाठी खिशातून १४० रुपये जातात. आयोजकाने स्वतःसाठी एक पैसाही न ठेवता सगळी रक्कम बक्षिसांत वाटली, तरी सरासरी खेळाडूला १४० देऊन १०० परत मिळतील. नुसते बरोबरीत राहायचे, तर त्याला सरासरीच्या १.४ पट बक्षिसे जिंकावी लागतील. शिवाय जिंकलेल्या रकमेवर ३० टक्के प्राप्तिकर आहे आणि त्यातून हरलेल्या पैशांची वजावट मिळत नाही. पैजेच्या अचूक गणिताने मिळणारी आघाडी एवढा भार पेलण्याइतकी मोठी क्वचितच असते.

कायद्यातही कौशल्याचे कवच पातळ झाले आहे. १९५७ च्या चमारबागवाला खटल्यापासून सर्वोच्च न्यायालयाने कौशल्य आणि नशीब यांत भेद केला. १९६८ मध्ये रमीला आणि १९९६ मध्ये घोड्यांच्या शर्यतींना त्याचा लाभ झाला. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने संमत केलेल्या ऑनलाइन गेमिंग कायद्याने मात्र पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांपुरता हा भेदच मोडीत काढला. मांडवीतील कॅसिनोंचा आधारही कौशल्य हा नाही. १९७६ च्या गोव्यातील जुगारबंदी कायद्यात पुढे झालेल्या दुरुस्त्यांनी त्यांना परवानगी दिली. तिथे जे चालते ते जुगार म्हणूनच, परवान्याच्या बळावर.

आणि गोमंतकीयांना फेब्रुवारी २०२० पासून कॅसिनोत खेळण्यास मनाई आहे. आपल्या तरुणांसमोर ‘कौशल्याने कमाई’ची भाषा येते, ती बहुधा मोबाइलच्या पडद्यावरून किंवा मित्रांच्या बैठकीतून. त्यांना ‘यात कौशल्य नाही’ असे सांगून उपयोग नाही. ते खोटे आहे आणि त्यांना ते कळते. सांगायचे ते एवढेच, की इथे कौशल्य एका खेळाडूला दुसऱ्याच्या पुढे नेते. पण दोघांनी मिळून भरलेल्या रकमेतून कर आणि आयोजकाचा वाटा आधीच निघून गेलेला असतो. पैज लावण्यापूर्वी करायचा पहिला हिशेब तोच आहे.