गणिताची निवड

माध्यमिक परीक्षेसाठी गणित घ्यावे की टाळावे, हा प्रश्न बहुधा प्रवेश-अर्ज भरताना घाईघाईत सोडविला जातो. वस्तुतः पुढे कोठे जावयाचे आहे, हे आधी ठरले पाहिजे.

जबलपूर येथील खमरिया ही वसाहत दुसऱ्या महायुद्धाच्या काळात उभ्या राहिलेल्या दारूगोळा कारखान्यासाठी ओळखली जाते. तेथील तरुणास कारखान्यात काम शिकण्याची ओढ वाटणे स्वाभाविक आहे. परंतु आयुध निर्माणींतील शिकाऊ उमेदवारांच्या भरतीत, आयटीआय न केलेल्यांसाठी दहावीला एकूण ५० टक्के आणि गणित व विज्ञान या विषयांत प्रत्येकी ४० टक्के गुण, अशी अट घातली गेली आहे.

राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेच्या माध्यमिक परीक्षेस पाच विषय लागतात. त्यांत गणित सक्तीचे नाही. ही मुभा योग्यच आहे. पंधरा वर्षांपूर्वी शाळा सुटलेल्या गृहिणीस केवळ बीजगणितापायी दहावीपासून वंचित ठेवणे अन्यायाचे होईल. गणिताऐवजी गृहविज्ञान घेऊन मिळविलेले प्रमाणपत्र कोणत्याही अर्थाने अपुरे नसते. मात्र खमरियातील त्या तरुणाची गोष्ट वेगळी. गणितात ३३ गुण मिळवून उत्तीर्ण होणारासुद्धा ४० टक्क्यांच्या अटीत बसत नाही. मग विषयच न घेणाऱ्याची काय कथा!

नियमित शाळांतही हा पेच आहे. केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने २०२० च्या दहावीच्या परीक्षेपासून गणिताचे ‘प्रमाणित’ व ‘मूलभूत’ असे दोन स्तर केले. अभ्यासक्रम एकच, प्रश्नपत्रिका मात्र निराळ्या. मूलभूत स्तर निवडणाऱ्यास अकरावीत गणित घेता येणार नाही, असा मूळ नियम होता. करोनाच्या काळात तो शिथिल करण्यात आला. या योजनेतील खरी शहाणपणाची गोष्ट अशी की, वर्गात सर्वांस तेच गणित शिकविले जाते. पुढे विचार बदलला, तरी पाया तयार असतो.

मुक्त विद्यालयातही परतीची वाट आहे. प्रमाणपत्र हाती आल्यानंतर केवळ गणिताची परीक्षा देता येते. पण तोवर शिकाऊ उमेदवारीची वयोमर्यादा उलटून जाऊ शकते. म्हणूनच अभ्यासकेंद्रांनी अर्जावर सही घेण्यापूर्वी विद्यार्थ्यास, त्याला हव्या असलेल्या कामाची नेमकी अट वाचून दाखविली पाहिजे. ती ऐकूनही ज्याला गणित नको असेल, त्याने ते खुशाल सोडावे.