निर्वाणाच्या रात्री आरे-वारेला फटाके?



दिवाळीच्या सुट्टीत सकाळी मनात आलं, डबे भरले आणि रत्नागिरीजवळच्या आरे-वारेला निघालो, यात काहीच गैर नाही. डोंगरावरचा वळणावळणाचा रस्ता, सुरूचं बन, शेजारी-शेजारी दोन किनारे. मुलांना आणखी काय हवं? सूर्य बुडायच्या आत आपण जेवूनही घेतो, कारण अंधारात बारीक जीव दिसत नाहीत. आणि मग त्याच अंधारात, त्याच वाळूवर फटाक्यांची पिशवी उघडतो! रात्री बिळाबाहेर येणाऱ्या कुर्ल्या, सुरूवर विसावलेली पाखरं, हे जीव नव्हेत का?

“मुलं हट्ट करतात” ही सबब पुरे. रात्री जेवायचा हट्ट पुरवतो का आपण?

लक्ष्मीपूजनाची अमावास्या म्हणजे भगवान महावीरांच्या निर्वाणाची रात्र. कल्पसूत्र सांगतं, ज्ञानाचा प्रकाश गेला म्हणून 18 गणराजांनी दिवे लावले. बार उडवले नाहीत.

सहलीला जरूर जा, फटाके मात्र दुकानातच राहू द्या. सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये दिवाळीच्या फटाक्यांना रात्री 8 ते 10 ही वेळ घालून दिली. आपल्या अहिंसा अणुव्रतात अशी दोन तासांची सूट कुठेच नाही.