सही येते, पुढे काय?

माझ्या आईला सही येते. बचत गटाच्या प्रत्येक ठरावाखाली तिची सही असते. ठराव कसला झाला असे विचारले, तर "अध्यक्षीणबाईंनी सांगितला तोच," एवढेच उत्तर मिळते. गेल्या वर्षी एका कर्जाच्या कागदावर तिने अशीच सही केली. हप्ता किती, व्याज किती, हे मी घरी कागद वाचला तेव्हा तिला कळले. समजून लिहितावाचता येणे म्हणजे साक्षरता, असे जनगणनेची व्याख्या सांगते. मग अशा सह्यांना काय म्हणावे?

प्रौढशिक्षण आपल्याकडे नवे नाही. १९५९ साली सातारा जिल्ह्यात ग्रामशिक्षण मोहीम सुरू झाली. २ ऑक्टोबर १९७८ रोजी राष्ट्रीय प्रौढशिक्षण कार्यक्रम आला. हेतू थोर होते. परंतु रात्रीचा वर्ग बंद पडला की शिकलेली अक्षरेही पुष्कळांच्या हातून सुटत. याचे कारण शोधायला लांब जायला नको. दिवसभर खुरपणी करून आलेल्या बाईला कमळाचा 'क' काय कामाचा? तिला मजुरीचा हिशेब हवा, एस. टी.ची पाटी वाचता यायला हवी.

गरज पटली की प्रौढ माणूस शिकतो. २०१६ साली वरुड, आंबेजोगाई व कोरेगाव या तालुक्यांत वॉटर कप स्पर्धा झाली. गावातली काही माणसे प्रशिक्षण घेऊन आली आणि त्यांच्याकडून बाकीचे समतल चर आखायला शिकले. त्याच वर्षी ८ मार्चला मुरबाड तालुक्यातील फांगणे गावी आजीबाईंची शाळा भरली. साठी उलटलेल्या आज्या गुलाबी लुगडी नेसून, पाटी-पेन्सिल घेऊन बसल्या. आपल्यालाही पोथी वाचता यावी, ही त्यांची ओढ होती. निरक्षर म्हणजे अडाणी नव्हे. ज्या माउलीला सगळा हरिपाठ मुखोद्गत आहे, तिची बुद्धी कमी आहे असे कोण म्हणेल?

म्हणून माझे म्हणणे असे, की प्रौढांसाठी वेगळा वर्ग काढण्यापूर्वी गावातल्या चालत्या बैठकी पाहाव्यात. बचत गटाची सभा, भजनी मंडळ, दूध डेअरीचा ओटा, या सगळ्या शाळाच आहेत. पुस्तकही तयार आहे: गटाची वही, बँकेचे पासबुक, डेअरीची पावती.

आपण विद्यार्थी राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात सात दिवस श्रमदान करतो, गावाचा निरोप घेतो आणि अहवाल लिहितो. त्याऐवजी प्रत्येकाने आपल्याच गावातल्या एका गटाच्या सभेला वर्षभर जावे. दुसऱ्यावर बोट ठेवण्याचा अधिकार मला नाही. बी. ए.च्या वर्गात बसणारी मी, इतकी वर्षे आईला कागद वाचूनच दाखवत आले. शिकवला कधीच नाही. दिवाळीपासून आम्ही दोघी रात्री वही उघडून बसतो. गेल्या महिन्यात तिने स्वतःच्या नावापुढचे पन्नास रुपये कमी मांडलेले शोधून काढले आणि भर सभेत विचारले. चूक दुरुस्त झाली. त्या दिवशी तिने वही वाचून मगच सही केली.