संगणक-पदवीधराच्या श्रमाची किंमत

पक्षाच्या एका जुन्या कार्यकर्त्याची कन्या आपला नोकरीचा अर्ज तपासून घेण्यासाठी नुकतीच माझ्याकडे आली होती. संगणकशास्त्राची पदवी तिने यंदाच मिळविली आहे. अर्जात तिने उभारलेल्या तीन संकेतस्थळांची नोंद होती : कपड्यांचे ऑनलाइन दुकान, दवाखान्यात वेळ ठरवून घेण्याची सोय आणि अगदी शेवटी, काहीशा संकोचाने लिहिलेली, गावच्या सार्वजनिक वाचनालयाची ग्रंथसूची. पहिली दोन केवळ सरावाची. ती कोणी वापरीत नाही. तिसरीवर गावातले वाचक खरोखर पुस्तके शोधतात. ‘‘मग हे शेवटी का?’’ असे विचारता ती म्हणाली, ‘‘सर, मुलाखतीत त्याला किंमत नसते.’’ ही किंमत कोण ठरवितो, हा खरा प्रश्न आहे.

ज्या वेबच्या पायावर हा सारा व्यवसाय उभा आहे, ती कोणा भांडवलदाराची निर्मिती नव्हे. टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ साली तिची कल्पना मांडली ती जिनिव्हाजवळील ‘सर्न’ या, अनेक देशांच्या सरकारी पैशांवर चालणाऱ्या संशोधनसंस्थेत. आणि ३० एप्रिल १९९३ रोजी त्या संस्थेने हे तंत्र विनामोबदला जगाला खुले केले. पाया सार्वजनिक आणि नफा खाजगी, हा आपल्या परिचयाचाच न्याय येथेही लागू झाला आहे.

आपल्यातील काही सहकारी म्हणतात की, ही वातानुकूलित कचेऱ्यांतली मंडळी. कामगार चळवळीशी त्यांचा काय संबंध? त्यांनी थोडा हिशेब करावा. मोठ्या कंपन्यांत नवशिक्या अभियंत्याचे वार्षिक वेतन दशकाहून अधिक काळ साडेतीन लाखांच्या आसपास घुटमळत राहिले. २०१२ साली १०० धरलेला ग्राहक किंमत निर्देशांक २०२४ अखेर १९५ च्या घरात पोहोचला. म्हणजे २०१२ च्या किमतींत मोजल्यास ते वेतन जेमतेम एक लाख ऐंशी हजार भरते. शिवाय २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेने स्थायी आदेशांच्या सक्तीची केंद्रीय कायद्यातील मर्यादा १०० कामगारांवरून ३०० वर नेली. नवा पदवीधर जेथे संकेतस्थळे बांधण्याचे काम शिकतो, त्या लहान कंपन्या साहजिकच तिच्या बाहेर राहिल्या. स्वतःचे श्रम विकल्यावाचून ज्याचे चालत नाही, तो कामगारच. मग त्याच्या हातात हातोडा असो की कळफलक. कर्नाटकात २०१७ साली या क्षेत्रातील कर्मचाऱ्यांनी आपली युनियन नोंदविली. पुणे-हिंजवडीच्या परिसरात आपण किती वेळा गेलो, हे आपण स्वतःलाच विचारावे.

परंतु संघटना हा अर्धाच मार्ग झाला. केरळात बांधकाम मजुरांनी १९२५ साली स्थापन केलेल्या उरळुंगल सहकारी संस्थेने कोळिकोड येथे माहिती-तंत्रज्ञानाचे संकुल उभारले आहे. प्रवरानगरचा सहकारी साखर कारखाना उभा राहिला त्या आपल्या महाराष्ट्रात संगणक-पदवीधरांची सहकारी संस्था अशक्य का वाटावी? जिल्हा परिषदा, नगरपालिका, सरकारी दवाखाने आणि हजारो ग्रंथालये यांना या कौशल्याची गरज आहे. ही कामे बड्या कंत्राटदारांच्या घशात न घालता अशा संस्थांना प्राधान्याने द्यावीत आणि सार्वजनिक पैशांतून लिहिलेली आज्ञावली सार्वजनिक मालकीचीच राहावी, अशी मागणी पक्षाने येत्या स्थानिक कार्यक्रमात घेतली पाहिजे.

वाचनालयाची नोंद सर्वांत वर घे, असे मी त्या मुलीला सुचविले. तिने ती घेतली नाही. तिला नोकरी हवी आहे, आणि तिचे चुकले असे मला म्हणवत नाही. तो क्रम तिला निर्धास्तपणे बदलता यावा, अशी परिस्थिती निर्माण करण्याची जबाबदारी आपल्या चळवळीची आहे.