बाळ एका दवाखान्यात, आई दुसऱ्या

आपल्याकडे बाळ झाल्याची बातमी आली की पहिला प्रश्न मुलगा की मुलगी, दुसरा कानात अजान कोणी दिली आणि तिसरा अकीका कधी. बाळ ३७ आठवडे भरण्याआधी जन्मलं असेल, तर या प्रश्नांना उत्तर द्यायच्या अवस्थेत घरातलं कुणीच नसतं. आई ओल्या टाक्यांनिशी तालुक्याच्या नर्सिंग होममध्ये, बाळ मोठ्या शहरातल्या एनआयसीयूत काचेच्या पेटीत आणि बाप दोघांच्या मधल्या रस्त्यावर.

माझ्या धाकट्या बहिणीचं बाळ तिसाव्या आठवड्यात झालं. वजन १२०० ग्रॅम. डॉक्टर म्हणाले, इथे सोय नाही, लगेच हलवा. निर्णय बरोबरच होता, त्याबद्दल तक्रार नाही. तक्रार पुढच्या पाच दिवसांची आहे. तिने बाळ फक्त फोनवरच्या फोटोत पाहिलं. भेटायला येणारा प्रत्येक जण सब्र कर म्हणून जात होता. चौथ्या दिवशी तिने मला हळूच विचारलं, "भाई, ते माझंच आहे ना? बदललं तर नसेल?" एवढी शिकलेली मुलगी. पण जे हातात घेतलंच नाही ते आपलं आहे, हे मनाला पटवायचं तरी कसं?

तिला पान्हा फुटला तेव्हा प्यायला बाळ नव्हतं. दूध हाताने काढून, स्वच्छ डब्यात, बर्फात ठेवून पाठवता येतं, हे सांगायला तिथे कुणाला सुचलं नाही. शेवटी एनआयसीयूतल्या एका नर्सने मेहुण्यांना विचारलं, "आईचं दूध कुठाय?" त्या दिवसापासून रोज थर्मास निघू लागला. आज किती मिली घेतलं, हे तिला संध्याकाळी फोनवर कळायचं. आई असल्याचा तिच्याकडे तेवढाच पुरावा होता.

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. रात्रपाळीचा माणूस सर्व्हर दुसऱ्याच्या हवाली करतो तेव्हा काय बिघडलं, काय केलं, पुढे कशावर लक्ष ठेवायचं हे सगळं लिहून देतो. यंत्रासाठी एवढं. बाळासोबत एक घडी घातलेला कागद गेला आणि आईच्या हाती तोही नाही. कुठे नेलं, कोण पाहतंय, कोणत्या नंबरवर फोन करायचा, हे तीन ओळींत लिहून तिच्या उशाशी ठेवायला कुठला खर्च लागतो?

कागदावर व्यवस्था आहे. २०११ पासूनच्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात सरकारी रुग्णालयात आजारी नवजात बाळाचे उपचार मोफत आहेत, एका रुग्णालयातून दुसऱ्यात नेणारी गाडीसुद्धा. केंद्राच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचना सांगतात की एसएनसीयूत आईबापांना आत घ्या, बाळाची काळजी घ्यायला शिकवा. आपण मात्र दाराबाहेर चप्पल काढून बसतो आणि वॉचमन हटकेल म्हणून विचारतही नाही.

घरातला अडसरही सांगितला पाहिजे. बहीण प्रवासाला बरी झाली, तर मोठ्या बायका म्हणाल्या, चाळीस दिवस उंबरा ओलांडायचा नाही. निफासच्या काळात नमाज-रोजाची सूट आहे. दवाखान्यात जाऊन आपलं बाळ छातीशी धरायला बंदी कुठे आहे? अम्मीने सगळ्यांसमोर तिची चादर उचलली आणि गाडीत बसवलं. कमी वजनाच्या बाळाला उघड्या छातीवर धरून ऊब द्यायची पद्धत १९७८ मध्ये कोलंबियातल्या बोगोटा इथे सुरू झाली. आता जागतिक आरोग्य संघटनाही ती जन्मानंतर शक्य तितक्या लवकर सुरू करा म्हणते. बापालाही ते करता येतं. मेहुणे आधी लाजले. मग रोज दोन-दोन तास बसू लागले.

सगळ्यात अवघड दिवस मात्र परतीचा होता. बाळ सावरलं, आता घराजवळच्या जिल्हा रुग्णालयात हलवू, असं मोठ्या रुग्णालयाने सांगितलं. डॉक्टर खूश, आणि बहीण थरथरत होती. ओळखीच्या नर्स नाहीत, बघायची सवय झालेले आकडे नाहीत. नातेवाईक कुजबुजले, पैसे संपले असतील किंवा डॉक्टरांनी हात टेकले असतील. बाळाला आता एवढ्या यंत्रांची गरज राहिली नाही, हे वाक्य कुणी आधीच बोललं असतं तर ती रात्र तिने रडून काढली नसती.

सूरह अल-कससमध्ये मूसा अलैहिस्सलाम यांच्या आईची गोष्ट आहे. बाळ नदीत सोडल्यावर तिचं काळीज रिकामं होतं. ती मुलीला मागोमाग पाठवते. मुलगी लांबून नजर ठेवते आणि पुढे बाळ पुन्हा आईच्याच दुधावर येतं. त्या आईला कुणी नुसतं सब्र कर सांगून सोडलेलं नाही. मागे जाणारी बहीण आहे, खबर आहे, दूध आहे.

रक्तदानाची यादी आपल्या पोरांकडे असतेच. कोविडमध्ये ऑक्सिजन सिलिंडर खांद्यावर वाहणारी हीच पोरं होती. त्या यादीत आणखी दोन रकाने वाढवा: बाळासोबत कोण जाईल आणि आईजवळ कोण थांबेल. आईजवळ थांबणारी शक्यतो बाईच असावी, जिला दूध कसं काढायचं ते ठाऊक आहे. बाळासोबत जाणाऱ्याने पोहोचल्याबरोबर वॉर्डचा नंबर आईला कळवायचा, आणि डब्यासाठी बर्फ कुठे मिळतो ते रात्रीच विचारून ठेवायचं.